माझं वाक्य, तिच्या तोंडी

३ मे

सुट्टीतला ऑनलाइन वक्तृत्व वर्ग आज दुपारी सुरू झाला. पडद्यावर चौकटीच चौकटी, चौकटीत आठवी-नववीची मुलं, निम्मी पेंगुळलेली. मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, "मुलं सुट्टीभर मोबाइलमध्ये बुडणार, तर मोबाइलमधूनच काहीतरी बरं द्या." मी म्हटलं, नुसतं बरं कसलं! इतकी वर्षं सभा गाजवल्यात, मी त्यांना आग देते.

पहिल्याच तासाला दोन गोष्टी ठणकावून सांगितल्या. एक, ज्याला आवाज नाही त्याच्या वतीनं दुसरे बोलतात, आणि दुसरे कधीच आपलं बोलत नाहीत. दोन, तोंडातून गेलेला शब्द आपला. मागाहून 'मला तसं म्हणायचं नव्हतं' हे माझ्या वर्गात चालणार नाही.

मुलांना मी टोपणनावं देते, त्यानं ती सैलावतात. एक मुलगा 'तोफ': त्यानं नुसतं 'हजर' म्हटलं तरी माझा स्पीकर खरखरतो. एक मुलगी 'वकील': माझ्या प्रत्येक वाक्यावर "पण बाई". आणि एक 'हळूबाई'. तिचे ओठ हलतात, आवाजच येत नाही. मी दोनदा माझाच स्पीकर तपासला. "आवाज चढव गं!" म्हटलं की मान डोलावते आणि तितक्याच हळू बोलते. सगळे हसले. मीही हसले. ती बसते त्या खोलीच्या दाराखाली टॉवेल कोंबलेला दिसतो. ओल येत असावी.

संपल्यावर नवरा म्हणाला, "अगं, शेजारच्यांचाही अर्धा वर्ग फुकटात झाला." तो दंतवैद्य. लोक त्याच्यासमोर तोंड उघडून गप्प बसतात, त्याला काय कळणार वक्तृत्व!

७ मे

विषय दिला: 'घरातली एक गोष्ट, जी मला बदलायची आहे.' माझी पद्धत अशी की आधी बोलायचं, लिहायचं नंतर. कागदावर माणूस लबाडी करतो.

हळूबाईचे वडील रात्री दुधाचा टँकर चालवतात आणि दिवसभर झोपतात. म्हणून घरात टीव्ही मुका, मिक्सर संध्याकाळी, चपला दाराबाहेर काढून हातात घेऊन यायच्या. बोलणं सगळं कुजबुजत. हे सगळं सांगून शेवटी ती वडिलांच्या झोपेबद्दल काहीतरी म्हणाली. गोड होतं, पण ढिलं. सभेत असलं वाक्य धपकन पडतं.

आणि इकडे मला शेवट दिसायला लागला होता! मी तिला तिथंच सांगितला: "माझ्या घरात एक माणूस झोपतो आणि त्याच्या झोपेखाली माझा आवाज चिरडला जातो. बाबा, माझा आवाज मला परत द्या!"

तोफेनं टाळ्या पिटल्या. हळूबाई म्हणाली, "पण बाई, ते आम्हाला गप्प बसा म्हणत नाहीत. आम्हीच बसतो."

"अगं, हे 'आम्हीच' म्हणजेच तर गुलामी!" मी म्हटलं. असं उत्तर जिभेवर आयतं यावं लागतं.

वकिलीणबाई मध्ये पडल्या. "पण बाई, मग बदलायची ती त्यांची पाळी ना? बाबा कशाला बदलायचे?" तिला पुढच्या आठवड्यात संधी देईन असं सांगून मी विषय मिटवला.

१० मे

हळूबाईला गच्चीवर जाऊन सराव करायला सांगितलं होतं. आज गच्चीवरूनच वर्गात आली. उन्हात डोळे बारीक केलेले, केस उडतायत. आणि आवाज! खोल, थोडा खरखरीत, लांबवर जाणारा. माझ्या अंगावर काटा आला. हा आवाज या मुलीत दडून होता, आणि तो मी बाहेर काढला.

हे वाक्य लिहून मी पुन्हा वाचलं. 'मी' शब्द खोडावासा वाटला, पण खोडत नाही. खरं ते खरं.

१४ मे

आज पालकांसमोर सादरीकरण. बऱ्याच चौकटींत आई किंवा बाबा शेजारी दाटीवाटीनं बसलेले. हळूबाईच्या शेजारी तिचे वडील होते: शर्टाची बटणं गळ्यापर्यंत, केस ओले करून विंचरलेले, डोळे लालभडक. मधूनमधून जांभई दाबत होते. रटाळ वाटत असेल बिचाऱ्यांना, असं मला वाटलं.

तिनं शेवट असा उचलला की मी खुर्चीतून उठले. 'बाबा, माझा आवाज मला परत द्या!' वडिलांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग टाळ्या वाजवल्या. त्यांचा माइक बंद होता, त्यामुळे नुसते हात हललेले दिसले. मग ते उठून चौकटीबाहेर गेले.

मुख्याध्यापिकांचा लगेच फोन. "अहो, काय पोरगी उभी केलीत! हा व्हिडिओ सगळ्या पालकांना पाठवते. पुढच्या वर्गाची जाहिरातही हीच." दिवसभर अभिनंदनाचे संदेश येत राहिले. हळूबाईचा आला नाही. पहिल्या विजयानंतर माणूस भांबावतो.

१८ मे

हळूबाई त्या दिवसापासून वर्गात नाही. तीन संदेश टाकले. आज तिच्या आईचा फोन आला. इतक्या हलक्या आवाजात की मी विचारलं, "तुम्ही बाहेर आहात का?"

"नाही बाई, घरीच. सवय झालीय हळू बोलायची. तसं आता घरात कुणी झोपलेलं नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सादरीकरणाच्या दिवशी तिचे वडील मुद्दाम जागे राहिले होते, लेकीचं भाषण आहे म्हणून. रात्रभर गाडी चालवून आलेले, तसेच अंघोळ करून बसले. दुसऱ्या दिवसापासून घरी झोपत नाहीत. जेवतात, आणि ट्रकतळावर जाऊन टँकरच्या केबिनमध्ये आडवे होतात. "म्हणतात, पोरीला मोकळं बोलू दे घरात. आणि बाई, पोरगी तर आता तोंडच उघडत नाही. मी मिक्सर लावला तर रडते."

केबिनमध्ये झोप कसली? दुपारी पत्रा तापतो. परवा रात्री चालवताना डोळा लागला, गाडी कडेच्या मातीत उतरली. थोडक्यात वाचले. "ते हसून सांगतात. बाई, तुम्ही त्यांना सांगाल का, की ते नुसतं भाषण होतं?"

आणि मी काय केलं? मी त्या माउलीला व्यक्तिस्वातंत्र्य समजावून सांगितलं. मुलं बोलायला लागली की घरं हलतात, हलू द्यावीत, वगैरे. ती "हो बाई, हो बाई" करत राहिली. फोन ठेवला तेव्हा तोंड कडू झालं होतं.

तो टॉवेल ओलीसाठी नव्हता, हे आत्ता लिहिता लिहिता लक्षात आलं. वडील शेजारच्या खोलीत झोपलेले असायचे आणि मी तिला रोज म्हणत होते, आवाज चढव. आणि वर हसत होते.

१९ मे

सकाळपासून स्वतःशी वाद घालते आहे. मी वाईट हेतूनं काही केलं नाही. ती तिच्या मनातलीच गोष्ट होती, मी फक्त धार लावली. लेखकाचं हस्तलिखित कुणीतरी तपासतंच की. असे मुद्दे मी भराभर काढू शकते. काढले, आणि एकाचाही उपयोग झाला नाही. तो माणूस रात्री रस्त्यावर असतो आणि त्याची झोप मी घेतली आहे. हे एवढं सोपं आहे, यावर बोलण्यासारखंही काही नाही.

नवऱ्याला सांगितलं. त्यानं चष्मा पुसला. "अगं, त्या मुलीला..."

"माहीत आहे. तिला आत्मविश्वास मिळाला, हे मलाही कळतं. पण किंमत केवढी!"

"मी म्हणत होतो, तिला दुखत नव्हतं तो दात तू काढलास."

मी रागावून उठले. तो दिवसभर आपल्या कामात गढून गेला. मला कधीकधी वाटतं, हा माणूस इतका कमी का बोलतो!

२० मे

हळूबाईला फोन केला. आईनं तिच्या हातात दिला. मी म्हटलं, "बाळ, तू बाबांना सांग, ते वाक्य बाईंचं होतं."

ती हळूच म्हणाली, "मी बोलले ना बाई."

"अगं, पण दिलं मी!"

"तुम्हीच म्हणाला होतात, तोंडातून गेलेला शब्द आपला. मागाहून तसं म्हणायचं नव्हतं म्हणणं, हे चालत नाही."

"ते... ते सभेसाठी असतं गं."

"मग घरासाठी काय असतं?"

टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. भर सभेत प्रश्न विचारून मला अडवायला आलेली किती माणसं मी परतवून लावली आहेत! हिला मी 'जेवलीस का' विचारलं आणि फोन ठेवला. चौदा वर्षांची मुलगी माझा गुन्हा अंगावर घेऊन बसली आहे, आणि तो तिनं घ्यावा, असं मीच तिला शिकवलं.

२२ मे

वर्गाची वेळ संध्याकाळी सहाची केली. एका ओळीचा संदेश टाकला, कुणीही हरकत घेतली नाही. म्हणजे हे पहिल्या दिवशीही झालं असतं. 'तुला मोठ्यानं का बोलता येत नाही?' एवढं विचारलं असतं, तरी पुरे होतं. हळूबाई संध्याकाळीही आली नाही.

मग पालकांच्या ग्रुपसाठी जाहीर निवेदन लिहायला बसले. तीन तास लिहीत होते. शब्दांची हिंसा, शिक्षकाचा अहंकार, शेवटी नम्र माफी. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांत इतकं चांगलं मी लिहिलं नव्हतं. नवऱ्याला वाचायला दिलं.

त्यानं शांतपणे वाचलं आणि परत दिलं. "यात तू फार छान दिसतेस."

पाठवलं नाही.

त्याऐवजी मुख्याध्यापिकांना फोन करून म्हटलं, व्हिडिओ काढून टाका, ते वाक्य मुलीचं नाही. त्या म्हणाल्या, "अहो, काहीतरीच काय! इतक्या लोकांनी पाहिलाय. आता तुम्ही म्हणणार मुलांची भाषणं बाईच लिहितात? शाळेचं काय दिसेल? दोन दिवसांत विसरतील सगळे." मी वाद घातला नाही. मी! आणि फोन ठेवताना सुटल्यासारखं वाटलं. हे इथं लिहायची लाज वाटते, म्हणूनच लिहिते आहे.

२५ मे

आज वर्गात तोफ म्हणाला, "बाई, मलाही बाबांवरचं तसलं एक वाक्य द्या ना."

"तुझ्या बाबांनी काय केलंय?"

"काहीच नाही हो. चांगले आहेत तसे. पण तुम्ही बसवाल की काहीतरी!"

सगळ्या चौकटी खदखदून हसल्या. तो निर्मळ मनानं मागत होता, जसं एखाद्यानं शिंप्याकडे शर्ट मागावा. मला पडद्यासमोर बसवेना. हेच शिकवलं मी यांना? वडिलांना फाडून दाखवलं की टाळी मिळते?

मी म्हटलं, "मुलांनो, हळूबाईच्या भाषणाचा शेवट माझा होता. ती नको म्हणत होती. मी तिला म्हणायला लावला. तिच्या वडिलांनी तिला कधीच गप्प केलेलं नाही."

एरवी मी इथं थांबले नसते. आज थांबले. वकिलीणबाईंच्या चौकटीतून बारीकसा आवाज आला, "मी म्हटलं होतं." म्हटलं होतंस बाळ, मीच तुला बसवलं होतं.

तीच वाक्यं पालकांच्या ग्रुपवर टाकली, विशेषणं न लावता. मुख्याध्यापिकांचा संदेश आला: "हे मला न विचारता करायला नको होतं. पुढच्या सुट्टीचं पाहू." म्हणजे पुढच्या सुट्टीत मी नाही. आश्चर्य वाटतं, पण याचं दुःख अजून झालेलं नाही. नवरा म्हणाला, "मग आता तू..." मी म्हटलं, "हो, आता मी त्या वडिलांना भेटायला जाणार." तो जरा थांबला आणि "बरं" म्हणाला. त्याला बहुधा तेच म्हणायचं असावं.

२७ मे

दुपारी ट्रकतळावर गेले. तिच्या आईनं टँकरचा रंग आणि जागा सांगितली होती. ऊन मी म्हणत होतं. डिझेलचा वास, कुठं कुणी चाक बदलतंय, दोन-तीन इंजिनं उगाच घरघरतायत. टँकरच्या खिडकीतून दोन पाय बाहेर आले होते. आत ते झोपले होते, डोळ्यांवर ओला रुमाल.

शेजारच्या गाडीचा ड्रायव्हर मला पाहून ओरडला, "ए आवाजचोर! ऊठ, तुझ्याकडे पाहुणे!" मग मला म्हणाला, "व्हिडिओ पाहिला नाही का ताई तुम्ही? याच्या पोरीचा. आम्ही रोज विचारतो, काय रे, आज कुणाचा चोरलास? हसतो बिचारा."

मी त्याला हात जोडून गप्प केलं. त्यांना उठवू दिलं नाही. टायरच्या दुकानाच्या सावलीत उभी राहिले.

ते स्वतःच उठले, घामानं निथळत. मला ओळखलं आणि गडबडीनं शर्ट शोधायला लागले. "बाई, तुम्ही? पोरगी बरी आहे ना?"

मी येताना मनात तीन मुद्दे बांधले होते. ते मी बोलून टाकले. त्यांनी ऐकून घेतलं, जसं माणूस स्टेशनवरची सूचना ऐकतो. मग म्हणाले, "बाई, वाक्य तुमचं आहे हे मला तेव्हाच कळलं. 'चिरडला जातो' असं आमच्या घरात कोण बोलतं?"

"मग तुम्ही इथं का झोपता?"

त्यांनी रुमाल पिळला. "वाक्य तुमचं असेल. पण मी नंतर आठवून पाहिलं. तिचा मोठा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. चांगला आहे हो. आता मी घरी असलो की ती पुन्हा गप्प होणार. त्यापेक्षा होऊ दे तिला सवय."

"ती घरात एक शब्द बोलत नाही," मी म्हटलं.

"मी नसताना पण?"

"तुम्ही नसता म्हणूनच."

हे त्यांना घरात कुणी सांगितलं नव्हतं. ते केबिनच्या पायरीवर बसले. एक गाडी भोंगा वाजवत मागं आली आणि थांबली.

मग त्यांनी विचारलं, "तिची आई म्हणते, तिनं आधी दुसरंच काहीतरी म्हटलं होतं. माझ्या झोपेवर. मला ती सांगत नाही. काय म्हणाली होती?"

मी तोंड उघडलं. माझी स्मरणशक्ती लोक सभेत तपासून पाहतात. कुणीही कुठलंही भाषण सांगावं, मी पानंच्या पानं म्हणून दाखवते. तळावर उभी राहून मी ती दुपार आठवली: तिचा चेहरा, टॉवेल, हलणारे ओठ. आणि पुढं लगेच माझंच वाक्य, शब्दन् शब्द, स्वल्पविरामासकट. त्याच्या आधी काही नाही.

"गोड होतं," मी म्हटलं.

"गोड म्हणजे?"

"मला आठवत नाही. मी नीट ऐकलंच नाही. ती बोलत होती तेव्हा माझं वाक्य तयार होत होतं."

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. पेशंटनं खोकला सांगावा आणि डॉक्टरनं खिडकीबाहेर पाहावं, तेव्हा पेशंट जसा पाहील, तसे पाहत होते. मग उठले, अंथरलेली चादर घडी केली, बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं.

"मग तिलाच विचारायला पाहिजे," ते म्हणाले. "आत्ता असेल घरी."

त्यांनी केबिनचं दार लावलं, दोन्ही हातांनी, जराही आवाज न करता. शेजारी इंजिनं घरघरत होती, आपटलं असतं तरी कुणाला ऐकू गेलं नसतं.

मीही पर्स खांद्याला लावून निघाले होते. ते वळले. "बाई, तुम्ही नका येऊ."

मी "नाही येत" म्हटलं आणि ते रस्ता ओलांडून जाईपर्यंत टायरच्या दुकानापाशी थांबून राहिले.